ड्राफ्ट झाला, तरी पोरगा येत का नाही?

पुण्याच्या एका बास्केटबॉलवेड्या तरुणाचा प्रश्न आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टबद्दलचा. ड्राफ्टमध्ये संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि निवडलेल्याशी करार करायचा हक्क त्या संघाचा होतो. थोडक्यात असा: "युरोपातला 19 वर्षांचा खेळाडू जूनमध्ये ड्राफ्ट होतो, संघाची टोपी घालून फोटो काढून घेतो आणि मग वर्ष-दोन वर्षं जुन्याच क्लबकडून खेळत राहतो. बातमीत कारण दिलेलं असतं, 'बायआउट'. एनबीएचे संघ एकेका खेळाडूला वर्षाला 4-5 कोटी डॉलर देतात. मग 20-30 लाख युरो टाकून ते त्या पोराला लगेच का उचलत नाहीत? आणि हा आकडा ठरवतं कोण?"

उचलत नाहीत, कारण तेवढे पैसे टाकायची त्यांना परवानगीच नाही. बायआउट म्हणजे अमेरिकी संघाने युरोपी क्लबला दिलेली किंमत, असा बहुतेकांचा समज असतो. फुटबॉल पाहून तो होतो. बास्केटबॉलमध्ये ती रक्कम, म्हणजे चालू करारातून सुटण्यासाठी क्लबला द्यायची भरपाई, बऱ्याच अंशी तो 19 वर्षांचा पोरगा स्वतः, स्वतःच्या पगारातून भरतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं कोडं आपोआप उलगडत जातं.

मी वकील आहे. स्पेन आणि जर्मनीतल्या खेळाडूंचे करार वाचणं आणि त्यातली भांडणं मिटवणं हे गेली कित्येक वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे. पण समजावून सांगायला मी नेहमी हिंजवडीचंच उदाहरण घेतो. तुमची नोटीस 90 दिवसांची आहे आणि नव्या कंपनीला तुम्ही 15 दिवसांत हवे आहात. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून तुम्ही सुटू शकता. नवी कंपनी म्हणते, "बायआउट आम्ही देऊ, पण अमुक रकमेपर्यंतच. वरचं तुमचं तुम्ही बघा." एनबीएत अगदी हेच होतं. फरक इतकाच की तिथे ही 'अमुक रक्कम' एचआरच्या मर्जीवर नसते, तर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात लिहिलेली असते. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याचा हात तिथेच थांबतो.

2009 साली ही मर्यादा 5 लाख डॉलर होती. त्यानंतर ती थोडीथोडी वाढत गेली आणि गेल्या काही हंगामांत साडेआठ लाखांच्या आसपास आली आहे. एवढी रक्कम संघ युरोपी क्लबला देऊ शकतो आणि ती संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे 'कॅप'मध्ये, धरली जात नाही. त्याच्या वर एक डॉलर जरी दिला तरी तो खेळाडूला दिलेला बोनस समजला जातो आणि पगारात मिसळतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार तर आधीच ठरलेला असतो. प्रत्येक क्रमांकाला एक आकडा, त्याच्या 80 ते 120 टक्क्यांच्या मध्ये करार करायचा. त्याला 'रूकी स्केल' म्हणतात. जवळपास प्रत्येकाला 120 टक्के मिळतातच. म्हणजे वरचा बोनस बसवायला जागाच उरत नाही.

आता हिशेब करू. आकडे मी समजण्यापुरते धरतोय. पोरगा पहिल्या फेरीच्या शेवटाकडे गेला, पहिल्या वर्षाचा पगार 30 लाख डॉलर. बायआउट 20 लाख डॉलर. संघाने साडेआठ लाख भरले, उरले साडेअकरा. आता पगाराकडे या. अमेरिकेचा वरच्या टप्प्यातला केंद्रीय प्राप्तिकर 37 टक्के, बऱ्याच राज्यांचा कर त्यावर वेगळा. एजंटचे जास्तीत जास्त 4 टक्के. शिवाय लीग दर पगारातून 10 टक्के एस्क्रो म्हणून बाजूला काढते, ते हंगामाच्या हिशेबानंतर परत मिळतात किंवा मिळत नाहीत. तर 30 लाखांतले हातात येतात साधारण 14 लाख. त्यातून साडेअकरा वजा केले की उरतात अडीच. बायआउटचा काही भाग करात खर्च म्हणून दाखवता येतो का, यावर करसल्लागार वेगळा बसवावा लागतो, पण चित्र फारसं बदलत नाही. हाच पोरगा युरोपात राहिला असता तर त्याला 3-4 लाख मिळाले असते. तेही करमुक्त, कारण तिथले करार 'हातात किती' याच भाषेत होतात आणि कर क्लब भरतो. वर घर आणि गाडी.

म्हणजे एनबीएत जाऊन पहिल्या वर्षी त्याची मिळकत घटते. आई-वडिलांना हे कागदावर मांडून दाखवलं की खोलीत शांतता पसरते.

यात आणखी एक खोच आहे, जी बातम्यांत कधीच येत नाही. क्लबला पैसे जुलैमध्ये हवे असतात. एनबीएचा पगार सुरू होतो 15 नोव्हेंबरला, महिन्यातून दोनदा. मग जुलैत 10-12 लाख डॉलर आणायचे कुठून? म्हणून बायआउटच्या बैठकीत आकड्यावर जितका वेळ जातो, तितकाच हप्त्यांवर जातो. किती हप्ते, कोणत्या तारखांना, युरोत की डॉलरमध्ये, हप्ता चुकला तर व्याज किती, हमी कोणाची. 2 वर्षांचे हप्ते आणि मध्येच संघाने पोराला सोडून दिलं तर? पहिल्या फेरीच्या करारात पहिली 2 वर्षं पक्की असतात, पुढची 2 संघाच्या मर्जीवर. त्यामुळे हप्ते 2 वर्षांच्या आत संपतील असं बघणं हे आमचं पहिलं काम.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अजूनही रिकी रुबिओचंच आहे. ते जरा सावकाश सांगतो, कारण एरवी वेगवेगळ्या करारांत विखुरलेल्या गोष्टी त्यात एकाच ठिकाणी सापडतात.

रुबिओ बार्सिलोनाजवळच्या एल मास्नोउ गावचा. शेजारच्या बादालोनात हुवेंतुत नावाचा जुना क्लब आहे, पोरं घडवण्यासाठी प्रसिद्ध आणि पैशाने कायम ओढाताणीत असलेला. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये, 15 वर्षं पूर्ण व्हायच्या आतच, रुबिओ तिथून स्पेनच्या अव्वल लीगमध्ये उतरला. तिथला तोवरचा सर्वांत लहान खेळाडू. पुढच्या उन्हाळ्यात 16 वर्षांखालील युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध त्याने 51 गुण आणि 24 रिबाउंड काढले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तो 17 वर्षांचा असताना अमेरिकेसमोर उभा होता. 2009 च्या जूनमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हजने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं.

आणि तिथेच गाडी अडली. हुवेंतुतशी असलेल्या करारातला बायआउट तेव्हाच्या बातम्यांनुसार 50 लाख युरोंच्याही पुढे होता. मिनेसोटा देऊ शकत होता 5 लाख डॉलर. पाचव्या क्रमांकाचा पगार वर्षाला 30 लाख डॉलरच्या आसपास. तुम्हीच गणित करा: 2 वर्षं फुकट खेळूनही रक्कम फिटत नव्हती. त्याच्या बाजूने दाद मागितली गेली. हुवेंतुतमधला त्याचा पगार बायआउटच्या मानाने चिमूटभर होता आणि अशा पगारावर एवढा मोठा आकडा लावणं अवाजवी आहे, असा मुद्दा होता. मुद्दा दमदार होता. पण निकालाची वाट बघत बसायला 18 वर्षांच्या खेळाडूकडे वेळ नसतो.

मग जे झालं ते बघण्यासारखं आहे. बार्सिलोनाने हुवेंतुतला साधारण 35 लाख युरो मोजले आणि रुबिओला घेतलं. एनबीएच्या संघाला जी रक्कम देता येत नव्हती, ती शेजारच्या क्लबने सहज दिली, कारण बार्सिलोनाला कोणतीही कॅप नव्हती. रुबिओने तिथे लांबचा करार केला. त्यात 2 वर्षांनंतर एनबीएला जायचं असेल तर बायआउट अंदाजे 10 लाख युरो, असं कलम होतं. म्हणजे त्याने कमाईची 2 वर्षं मोजून आकडा खाली आणला. मधल्या काळात, 2010 मध्ये, त्याने बार्सिलोनाबरोबर युरोलीग, म्हणजे युरोपी क्लबांची सर्वोच्च स्पर्धाही जिंकली. 2011 मध्ये तो मिनेसोटाला गेला.

माझ्या मते या प्रकरणात कोणीच गाढवपणा केला नाही. हुवेंतुतने 14 वर्षांच्या पोराला मैदानावर उभं केलं, त्याचा मोबदला मागितला. मिनेसोटाने वाट पाहिली. रुबिओने पर्याय शोधला. चूक असलीच तर ती 2009 मध्ये झालेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधी झाली, पोरगा कोवळा असताना समोर आलेल्या कागदावर 50 लाखांच्या पुढचा आकडा कोणी खोडला नाही तेव्हा. आकडा कोण ठरवतं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. आकडा ड्राफ्टच्या रात्री ठरत नाही. तो 15-16 व्या वर्षी ठरतो, जेव्हा पोराला कोणी ओळखत नसतं आणि घरातल्यांना पहिला पगार दिसत असतो.

ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका कुटुंबाने माझ्यासमोर करार ठेवला तेव्हा पोरगा 19 वर्षांचा होता आणि सही 3 वर्षं जुनी होती. वडिलांना पगाराचे आकडे तोंडपाठ होते. बायआउटचं कलम कोणत्या पानावर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. "ते सगळ्यांच्या करारात असतंच म्हणे," एवढंच ते म्हणाले. असतं, खरंच असतं. पण सगळ्यांचं सारखं नसतं.

मग चांगलं कलम कसं असतं? चांगल्या करारात एनबीएसाठीचा आकडा वेगळा आणि दुसऱ्या युरोपी क्लबसाठीचा वेगळा असतो. पहिला कमी, दुसरा जास्त. हे क्लबलाही परवडतं, कारण त्याला खरी भीती शेजाऱ्याची असते. पोरगा अमेरिकेत गेला तर निदान दर रविवारी समोर येऊन 20 गुण टाकत नाही. दुसरं म्हणजे आकडा वर्षागणिक उतरता असावा. तिसरी गोष्ट 'एनबीए आउट'ची खिडकी, म्हणजे वर्षातल्या कोणत्या दिवसांत हे कलम वापरता येतं. ती ड्राफ्टनंतर उघडते आणि जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते, असं सर्वसाधारणपणे दिसतं. क्लबला पुढचा हंगाम उभा करायचा असतो, ऑगस्टमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, शोधत फिरायला त्याला आवडत नाही. चौथी गोष्ट म्हणजे परतीचा हक्क. पोरगा 2-3 वर्षांत युरोपात परतला तर पहिला हक्क जुन्या क्लबचा. हे कलम निरुपद्रवी दिसतं. एनबीएत न जमलेल्या खेळाडूला मात्र ते चांगलंच नडतं.

मी स्वतः कुठलाही करार हातात घेतला की आकडा शेवटी बघतो. आधी तारखा बघतो. करार संपतो कधी, खिडकी उघडते कधी, नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कशी द्यायची, आणि पैसे 'पाठवायचे' आहेत की 'पोहोचायचे' आहेत. या शेवटच्या दोन शब्दांनी मला एकदा चांगलाच घाम फोडला होता. नोटीस वेळेत गेली होती, पैसे शुक्रवारी अमेरिकेतून निघाले होते, आणि करारात लिहिलं होतं की शनिवार संपायच्या आत रक्कम क्लबच्या खात्यात जमा झालेली हवी. बँकेला शनिवार-रविवार असतो, कराराला नसतो. क्लबचा अध्यक्ष भला माणूस निघाला म्हणून निभावलं. नाहीतर पोरगा आणखी एक वर्ष तिथेच.

इथे कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण देशादेशात फरक आहे. स्पेनमध्ये 1985 चा शाही आदेश 1006 हा व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीचा कायदा आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार खेळाडू स्वतःहून करार मोडू शकतो. मोबदला किती, हे करारात ठरलेलं असेल तर ते, नसेल तर कामगार न्यायालय ठरवतं. म्हणून स्पेनच्या प्रत्येक करारात हा आकडा ठळकपणे असतो आणि फुटबॉलमध्ये तो कोटीच्या कोटी उड्डाणं घेतो. आपल्याकडे करार कायद्याचं कलम 74 आहे. त्यात ठरवलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा, न्यायालय त्यातली वाजवी तेवढीच भरपाई देतं. शिवाय आपल्याकडे अज्ञानाने, म्हणजे 18 वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. स्पेनमध्ये 16 व्या वर्षी पालकांच्या संमतीने नोकरी करता येते. हुवेंतुतसारख्या क्लबांची घडण या एका फरकावर उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

भांडण झालंच तर बऱ्याच करारांत ते जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे जातं. 'फिबा'ने, म्हणजे जागतिक महासंघाने, 2007 च्या सुमारास ते सुरू केलं. तिथे कोणत्याही एका देशाचा कायदा लावत नाहीत, न्याय्य आणि रास्त काय ते बघून निकाल देतात. कामकाज इंग्रजीत आणि बरंचसं कागदोपत्री. वकिलाच्या दृष्टीने ते सुटसुटीत आहे. आकडा अवाजवी आहे असं म्हणायला तिथे जागा असते, पण "मी वाचलं नव्हतं" याला नाही.

काहींना वाटतं, अमेरिकेत गेलं की युरोपचा करार काय करणार? तर दिनो राज्या या युगोस्लाव्ह खेळाडूचं 1989 चं प्रकरण बघा. बॉस्टन सेल्टिक्सने त्याला त्या वर्षी दुसऱ्या फेरीत घेतलं आणि करारही केला. तो तेव्हा स्प्लित शहरातल्या युगोप्लास्टिका या क्लबशी बांधलेला होता. युगोप्लास्टिका थेट बॉस्टनच्या केंद्रीय न्यायालयात गेली आणि तिथल्या न्यायाधीशाने बॉस्टनच्याच संघाविरुद्ध मनाईहुकूम दिला. राज्या स्प्लितला परतला, पुढच्या वर्षी त्या संघाबरोबर पुन्हा युरोपचा विजेता झाला, मग रोमला गेला आणि बॉस्टनमध्ये पोहोचला तो 1993 मध्ये. आता ही वेळ क्वचितच येते, कारण खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जाताना फिबाच्या चौकटीत 'लेटर ऑफ क्लिअरन्स' लागतं आणि एनबीएही चालू करार मानते. रणजीसाठी राज्य बदलताना जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं ना, तसंच.

मग वाट बघणं म्हणजे निव्वळ अडकून पडणं का? अजिबात नाही. कधीकधी ते मुद्दामच केलेलं असतं. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू 3 हंगाम एनबीएबाहेर राहिला, तर रूकी स्केल त्याला लागू होत नाही. मग संघ त्याला कॅपमध्ये बसेल तेवढा पगार देऊ शकतो, आणि त्या पगारातून बायआउट सहज फिटतो. निकोला मिरोटिच 2011 मध्ये 23 व्या क्रमांकावर गेला, रेआल माद्रिदमध्येच राहिला आणि 2014 मध्ये शिकागोशी 3 वर्षांचा साधारण 1 कोटी 66 लाख डॉलरचा करार केला. बोगदान बोगदानोविच 2014 चा 27 वा. त्याचे हक्क फिनिक्सकडून सॅक्रामेंटोकडे गेले, तो इस्तंबूलच्या फेनरबाहचेत खेळत राहिला, 2017 मध्ये युरोलीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात 3 वर्षांचे 2 कोटी 70 लाख डॉलर घेऊन गेला. 27 व्या क्रमांकाच्या ठरलेल्या पगाराच्या हे कितीतरी पट.

उलट दारिओ शारिच. 2014 चा 12 वा, इस्तंबूलच्या आनादोलू एफेसमध्ये 2 हंगाम काढले आणि तिसरं वर्ष न थांबता 2016 मध्ये फिलाडेल्फियाला निघून गेला. आणखी एक वर्ष कळ काढली असती तर पगार दांडगा मिळाला असता, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. गुडघा कधी दगा देईल हे कोणाच्या हातात नसतं. शिवाय एनबीएतला मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो, आणि वर्षभर लवकर गेलात तर तो दुसरा करारही वर्षभर लवकर येतो. 20 वर्षांच्या पोराने थांबावं की जावं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी त्याला खेळायला किती मिनिटं मिळतील ते विचारतो. बाकावर बसून काढलेलं वर्ष दोन्हीकडे महागच पडतं.

संघाचाही यात स्वार्थ असतो. ड्राफ्ट केलेल्या पण न आलेल्या पहिल्या फेरीच्या खेळाडूचा पगार कॅपमध्ये आगाऊ धरला जातो. पण "या हंगामात तो येणार नाही" असं दोघांनी लिहून दिलं की ती जागा मोकळी होते. म्हणून जागेची टंचाई असलेले संघ मुद्दाम असा पोरगा निवडतात आणि युरोपात ठेवतात. त्याचा पगार, सराव, दुखापतीचा खर्च, सगळं दुसऱ्याच्या खिशातून. आपल्या भाषेत सांगायचं तर बी आपलं, शेत दुसऱ्याचं. दुसऱ्या फेरीत तर रूकी स्केलच नाही, त्यामुळे हे आणखी सोपं. निकोला योकिच 2014 मध्ये 41 वा गेला, बेलग्रेडच्या मेगामध्ये आणखी एक वर्ष खेळला आणि 2015 मध्ये डेन्व्हरला आला. त्या वर्षाने कोणाचं नुकसान झालं असं मला तरी वाटत नाही.

मात्र धोका असतोच. 2005 मध्ये ओरलँडोने फ्रान वास्केसला 11 व्या क्रमांकावर घेतलं. तो स्पेनमध्येच राहिला आणि एनबीएत एकही सामना खेळला नाही. सेर्जिओ युल 2009 चा 34 वा. त्याचे हक्क मिळवायला ह्यूस्टनने डेन्व्हरला 22 लाख 50 हजार डॉलर दिले. 2015 मध्ये ह्यूस्टन खरंच मागे लागला, तेव्हा त्याने रेआल माद्रिदशीच लांबचा करार केला. लोक म्हणतात बायआउटने अडवलं. युलच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. जिथे आपण राजे आहोत ते गाव सोडवत नाही, हेही कारण असू शकतं, आणि ते कुठल्याही कलमात लिहिलेलं नसतं.

वयाने मोठ्या खेळाडूचं गणित कसं असतं, त्यासाठी फाकुंदो काम्पासो. अर्जेंटिनाचा हा गार्ड 2020 मध्ये 29 व्या वर्षी रेआल माद्रिदहून डेन्व्हरला गेला. बायआउट 60 लाख युरो असल्याच्या बातम्या होत्या आणि डेन्व्हरचा करार होता 2 वर्षांचा, साधारण 64 लाख डॉलरचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तो पैशासाठी गेला नव्हता, स्वप्न विकत घ्यायला गेला होता, आणि ते त्याला माहीत होतं. 19 वर्षांच्या पोराला आणि त्याच्या घरच्यांना ते तसं माहीत नसतं, हा माझा मुद्दा.

क्लबच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मी दोन्हीकडच्या टेबलांवर बसलो आहे. मधल्या फळीतल्या युरोपी क्लबला तिकिटं आणि प्रायोजक यांच्यावर हंगाम निभावणं कठीण जातं. 12-13 वर्षांच्या 20 पोरांना राहायला, खायला, शाळेला घालायचं. त्यातला एखादा मोठा होतो. त्या एकाच्या बायआउटवर बाकीच्या 19 जणांचा खर्च निघतो. बेलग्रेडच्या मेगाने तर पोरं घडवून ड्राफ्टला पाठवणं हीच ओळख करून घेतली आहे. बायआउट अजिबात नकोच, असं म्हणणारे अमेरिकी चाहते ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. मला खटकतो तो आकडा नाही, तर चिमूटभर पगार आणि डोंगराएवढा बायआउट हे एकाच कागदावर असणं. क्लबला पोराची किंमत 30 लाख वाटते, तर पगारातही ती थोडी दिसू दे की.

एक गोष्ट मात्र गेल्या 2-3 वर्षांत पार बदलली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे कदाचित वेगळं असेल. अमेरिकी कॉलेजांत आता खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात. आधी नाव आणि प्रतिमेच्या हक्कांपोटी, आणि जुलै 2025 पासून थेट कॉलेजकडूनही. एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटता येतात. त्यामुळे युरोपातली पोरं 18 व्या वर्षीच तिकडे निघाली आहेत. येगोर देमिन 2024 मध्ये रेआल माद्रिद सोडून ब्रिगम यंग विद्यापीठात गेला आणि वर्षभरात ब्रुकलिनने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. कास्पारास याकुचोनिस बार्सिलोनाहून इलिनॉयला गेला आणि त्याच ड्राफ्टमध्ये 20 व्या क्रमांकावर मायामीकडे. दोघांच्याही बाबतीत ड्राफ्टच्या रात्री मागे कोणताही युरोपी करार नव्हता. पगार ठरला तेवढा मिळाला, वजावट काही नाही.

क्लबांचा जळफळाट समजण्यासारखा आहे. एनबीएकडून निदान साडेआठ लाख आणि पोराच्या खिशातले हप्ते यायचे. कॉलेजकडून काहीच येत नाही. साहजिकच आता जे किशोरांचे करार माझ्याकडे वाचायला येतात, त्यात 'एनबीए आउट'च्या खाली एक नवं कलम दिसू लागलं आहे: अमेरिकी कॉलेजात गेल्यास द्यायची रक्कम. ही रक्कम कॉलेज देणार, पोरगा देणार, की त्याच्या प्रतिमा-हक्कांचे पैसे देणारा कोणी तिसराच देणार, यावर अजून कोणाचं एकमत नाही. एनबीएच्या मर्यादेसारखी मर्यादाही तिथे नाही. मी सध्या घरच्यांना सांगतो की हे कलम असेल तर त्यात आकडा लिहून घ्या, "परस्पर संमतीने ठरेल" यावर सही करू नका.

तर पुढच्या जूनमध्ये एखादं नाव पुकारलं गेलं आणि खाली युरोपी क्लबचं नाव दिसलं, तर तो कितवा गेला याबरोबर त्याचा करार कोणत्या वर्षी संपतो तेही शोधा. त्याच उन्हाळ्यात संपत असेल तर तो जुलैमध्ये लास व्हेगासच्या समर लीगमध्ये दिसेल. 2 वर्षं शिल्लक असतील आणि तो 25 व्या क्रमांकाच्या नंतर निवडला गेला असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर युरोलीगचे सामने बघायची सोय करून ठेवली असती.